चौकशी खिडकी, नाशिकरोड

पडद्यावरचा हिरवा ठिपका
उगाव सोडून निफाडकडे निघाला आणि
मधेच बसला.
उशीर एक तास दहा. एक तास दहा. मग एकदम दोन पाच.

खिडकीशी चांदोरीचे काका, चौथ्यांदा.
"ताई, माझ्या मोबाईलवर तर गाडी ओढ्याला आलीय."
मोबाईल अंदाज बांधतो, काका.
आमचा पडदाही बांधतो, फक्त सरकारी.

म्हणून निफाडला फोन लावते.
गांगुर्डे मास्तर आवाज ओळखतात:
"होम सिग्नलला उभीय. इंजिनाचा दिवा दिसतोय मला इथून.
पुढे मालगाडीचं काहीतरी.
अर्धा तास धर. पाऊण सांग."

पाऊण सांगते.
लवकर आली तर कुणी भांडायला येत नाही.
खेद मात्र रेकॉर्डमधली बाई व्यक्त करते.

काका वळले, पुन्हा फिरले.
"लेक आहे गाडीत. पहिल्यांदाच एकटी."
डबा कुठला, मी विचारलं. नियमात नाही ते.
एस सात.
दगूला वॉकीवर सांगितलं,
अठराव्या खांबाजवळचा बाक धरून ठेव.
काका बसलेच नाहीत.

दोन चाळीसला ठिपका हलला.
माइक उचलायच्या आधी
काचेवर टकटक केली,
पडदा त्यांच्याकडे वळवला:
हा. हा बघा. निघाला.