धार नंतर

आधी खिसा शिवून घेतला.
भोसरीचा टेलर म्हणाला, बायकांच्या कुर्त्याला
मोबाइलपुरता देतो, चार बोटं खोल.
म्हटलं, वीतभर घाला. उजवीकडे. आतून डबल शिलाई.
मग रविवारची सुट्टी, मग बोहरी आळी.

दुकानात आधी सोलाणं आलं समोर,
मग टोमॅटोची दातेरी सुरी, पिवळ्या मुठीची.
"भाजीला ना, ताई?"
भाजीला नाही.
"मग फळांना?"
खिशात ठेवायला.
अलीअसगरभाईंनी चष्म्यावरून बघितलं,
खिशाकडे आधी, मग माझ्याकडे,
आणि शिडी लावून वरचा खोका काढला.

काळे, राखाडी, एक लष्करी हिरवा,
एकावर लांडग्याचं तोंड कोरलेलं.
लांडगा नको, मला कुणाला भिववायचं नाही.
आणि भिववायचंच तर चाकू कशाला लागतो?
केसाने गळा कापणारी माणसं
आमच्या पगारपत्रकाखाली दरमहा सही करतात.

शेजारचा पोरगा धार बघत होता,
मनगटावरचे केस उडवून दाखवत होता मित्राला.
मी धार नंतर बघते.
धार दारावर येते सायकलवरून, वीस रुपयांत.
मी कुलूप बघते:
पातं उघडलं की मुठीतली पोलादी पट्टी सरकून
त्याच्या बुडाशी उभी राहते का,
पूर्ण, की नुसती टेकल्यासारखी, उद्या बघू अशी.
पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर आपटते. एकदा. परत एकदा.
"ताई, मोडेल."
मोडायचा तर इथेच मोडू दे ना, भाई.

चाळीस टनी प्रेस होता. कुलूप त्यालाही होतं,
दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली न येणारं.
एका बटणात काडी खोचलेली होती
माझ्या आधीच्या पाळीपासून. नग जास्त निघतात.
अहवालात काडी नाही.
दोन बोटं आहेत, डाव्या हाताची, इंचांत.

म्हणून एका हाताने उघडणारा.
अंगठ्याने खुंटी ढकलायची, टिक्.
मिटताना मात्र तोच अंगठा वेळेत वाटेतून काढायचा,
हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं.
सहा चाकू उघडले, सहा मिटले.
अलीअसगरभाई तोवर गप्प झाले होते,
स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला.

"हा गंजत नाही, पण धार लवकर जाते.
हा डी-टू. पुसून ठेवावा लागतो. टिकतो."
डी-टू.
आमच्या डायचं पोलाद.
मी पातं हातात धरून ट्यूबलाइटकडे केलं.
तसाच मळकट करडा रंग,
तेलाचा तसाच वास, की मलाच आला.
हा द्या, म्हटलं. निदान ओळखीचा आहे.
अठराशे म्हणाले, सोळाशेला दिला,
आणि लांडगेवाल्या खोक्यातली पिशवी फुकट.

मेट्रोत तपासतात, म्हणून मनपापर्यंत चालत गेले,
बस धरली. खिडकीची जागा मिळाली.
पूर्ण वाटभर खिशात हात. उघडला नाही.

घरी चहा टाकला. बिस्किटांचा पुडा घेतला.
नऊ वर्षं झाली:
पुडा, शांपूची पुडी, गोळ्यांची पट्टी, दुधाची पिशवी,
"प्रांजल, एवढं फाडून दे गं."
दातांनी जमायचं, पण पोरीसमोर दात लावायचे नाहीत
असं मीच ठरवलेलं.

टिक्.
पुडा कडेने सरळ कापला गेला, पट्टी लावून कापावा तसा.
प्रांजल मोबाइलमध्ये होती.
वर न बघता तिचा हात पुढे आला होता, सवयीने,
तळवा वर,
आणि तसाच राहिला.
मग तिने मान वर केली.
पुडा, चाकू, मी.
त्या हाताचं आता काय करावं
तिला कळेना. मलाही नाही.

मी त्यावर दोन बिस्किटं ठेवली.
पातं साडीच्या फडक्याने पुसलं.
अंगठा वाटेतून काढला.