हळदीला जाताना ताडगोळे

वर्तकनगरहून निघताना पिशवीत भरलं:
दोन काकड्या, न सोललेल्या
(सोलल्या की बसमध्ये घाम फुटतो त्यांना),
भाजलेले शेंगदाणे, कोकमाच्या पाण्याची बाटली
आणि डब्यात नाचणीची घावनं, चार.
लेक म्हणाला, आई, हळदीला चाललीयेस की किल्ल्यावर?

विटाव्याच्या पुलाखाली बस थांबली ती थांबलीच.
खिडकीच्या गजाला हात लावता येईना.
पुढच्या मागच्या सगळ्या सीटवर
वेफर्सची पाकिटं एकदम फुटली.
शेजारचं पोर माझ्या काकडीकडे बघत राहिलं,
मग अर्धी घेतली, आणि मीठ मागितलं.
मीठ आणायची विसरले होते.

घणसोलीच्या नाक्यावर ताडगोळे घेतले, दोन डझन.
वाटलं, आपणही काहीतरी घेऊन जातोय
एवढं तरी दिसेल.

मांडवात बेंजो, पिवळे हात, पिवळे गाल,
आणि मटणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला,
पाहुण्याला घ्यायला यावा तसा.
तोंडाला पाणी सुटलं.
अजून सुटतं.
हे इथेच लिहून ठेवते, घरी सांगत नाही.

हरेश्वर म्हणाला, रस्सा तरी घे गो ताय,
रश्श्यात काय, पानीच असतंय.
वनितावहिनीनं पदरानं कपाळ पुसलं:
तुझ्यासाठी वेगलं पनीर केलाय.
आता तेही चालत नाही हे कसं सांगायचं?
सांगितलं.
तिच्या गालावरची हळद
तेवढ्यापुरती वाळल्यासारखी झाली.
मग मी ते पनीर वाढून घेतलं,
आणि भाचीच्या ताटात सरकवलं,
चोरून. शाळेत कारल्याचं करायचे तसं.

का सोडलंस, याला माझ्याकडे
माणसागणिक उत्तर असतं.
सासरी सांगते, डॉक्टरांनी सांगितलं.
डॉक्टरांना सांगते, मनानंच सोडलं.
पण इथे,
जिथे बाबांच्या होडीतली कोलंबी
मी परकराला हात पुसत सोललेली आहे,
तिथे कुठलंच उत्तर नीट उभं राहत नाही.
खाडीत ओहोटीला पाय टाकावा
तसं ते गुडघ्यापर्यंत आत जातं.

पाणी प्यायच्या निमित्तानं मागे गेले.
तीन मोठ्या टोपांच्या पलीकडे
गोमीमावशी बसलेली, पाय थंड पाण्याच्या बादलीत.
गावातली प्रत्येक हळद हिच्या हातची.
मांडीवर तांदळाची भाकरी,
वाटीत वालाचं बिरडं, कैरीची फोड, मीठ.
मावशी, तू मटण नाही घेतलंस?
चालीस वर्सं शिजवतंय गो बाय,
वासानंच पोट भरतं.
तू?
मीही नाही खात.
मला वाटलं, आता का विचारेल.
तिनं बादली थोडी सरकवली.
मंग बस. पाय घाल.

बसले. जरीच्या साडीचे काठ भिजले.
अर्धी भाकरी तिची, एक घावन माझं.
ताडगोळ्याचं साल ती नखानं काढायची,
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जायचं,
आणि ती ते वाया न घालवता
कोपर उचलून चाटायची, या वयात.
मीठ होतं तिच्याकडे.
दुसरी काकडी तिथे संपली.

तेवढ्यात माईकवरून हरेश्वर:
आमची ठाण्याची ताय जेवली काऽऽ?
सगळा मांडव हसला असणार.
गोमीमावशीनं टोपावर डाव आपटला
आणि बेंजोच्या वरताण ओरडली,
जेवलीऽऽ!

रात्री परतताना विटाव्याचा पूल मोकळा होता.
डब्यात तीन घावनं तशीच, कडेनं वाळलेली.
बिरड्यात तेल जरा जास्तच होतं.
मीठही.
पुढच्या तपासणीला
हे सांगणार नाही.