चेकची पाठ

साखर पेठेतल्या आमच्या सहकारी बँकेत
एकतीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो:
चेक उलटा करा.
पुढची बाजू देणाऱ्याची. पाठ तुमची.

नाव पुढं जसं लिहिलंय तसंच मागं लिहायचं.
चुकीचं असेल तर आधी चुकीचं,
त्याच्याखाली बरोबर.
पेन्सिल चालत नाही.
दुसऱ्याला द्यायचा तर सहीच्या वर त्याचं नाव,
'यांना अथवा यांच्या आदेशानुसार द्यावेत'.
आणि कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा असतील,
रेघांत 'फक्त खात्यावर जमा' असेल,
तर हात जोडायचे. तो चेक कुठं जात नाही
तुमच्या खात्याशिवाय.
झोपेतसुद्धा बडबडतो मी हे, असं आमची मंडळी म्हणते.

नरसम्मा सामलेटी आली तो सोलापूरचा एप्रिल,
काउंटरची जाळी हाताला चटका द्यायची.
काखेत विड्यांची रिकामी पाटी, बोटांना तंबाखूचा वास.
घरातला शेवटचा हातमाग विकला होता,
भवानी पेठेतल्या व्यापाऱ्यानं अठराशेचा चेक दिलेला,
रेघा नसलेला.
वर नाव: नरसूबाई सामलेटी.
'ही कोण?'
'ह्या कागदापुरत्या तुम्हीच.'

रोख तिला नकोच होती.
लेकीसाठी शिलाई मशीन ठरवलेली,
नव्या पेठेत, हलकुड्यांच्या दुकानात,
आणि हलकुडे म्हणाले होते, चेक चालेल की,
पाठीवर सही तेवढी आणा.

मी बोटानं जागा दाखवली.
ती आधी नरसूबाई झाली, मराठीत,
माझ्या चिठ्ठीवरून एकेक अक्षर उतरवत,
परक्याचं लुगडं नेसल्यासारखी अवघडून.
मग खाली नरसम्मा, गोल गोल तेलुगूत,
ते मात्र हात न उचलता.
'झालं?'
'झालं.'

बारा दिवसांनी चेक परत. वटला नाही.
व्यापाऱ्याच्या दाराला कुलूप,
हलकुडे हिच्या दारात.
ती बँकेत आली. भांडायला नव्हे, विचारायला:
'चेक त्याचा, पैसे त्याचे, मग माझ्याकडं का?'
मी कायदा सांगितला.
पाठीवर सही करतो तो पाठीशी उभा राहतो.
त्यानं नाही दिले तर मी देईन, असा त्याचा अर्थ.
'अस्सं,' म्हणाली. जाळीतून बघत राहिली थोडा वेळ.
'मग देते की.'

शनिवारी विड्यांचा पगार व्हायचा,
तिथून तडक हलकुड्यांकडं, पंचवीस रुपये.
बहात्तर शनिवार.
एकदाही चुकली नाही, हे हलकुड्यांनीच सांगितलं मला,
चहा पिता पिता, कौतुकानं.

सहीच्या वर चार शब्दांची जागा होती.
'माझ्यावर जबाबदारी न ठेवता.'
पुस्तकात होते ते. परीक्षेत मला
त्याचे पैकीच्या पैकी मार्क पडले होते.
त्या दिवशी मागं रांग होती, डबा उघडायचा होता,
आणि मनात आलं, या बाईला कशाला एवढं.
हलकुड्यांनी तसा चेक घेतला असता?
बहुतेक नसता घेतला.
पण ते हलकुड्यांनी ठरवायचं होतं, आणि तिनं.
मी नव्हे.

आता फोन वाजतो, पैसे पोचतात,
उलटं करायला काही उरत नाही.
माझ्या पायजम्यांच्या नाड्या तिच्याच लेकीकडं,
त्याच मशीनवर.
परवा तिथं बसलेली दिसली, शेंगा सोलत.
मला ओळखलं. हसली.
'साहेब, त्या नरसूबाईचं काय झालं हो पुढं?'
मी म्हटलं, 'फेडलं की तिनं सगळं.'
'छ्या,' म्हणाली,
'फेडलं मी.
तिनं नुसती सही केली.'