पट्टीवरचं शून्य

गंगेच्या काठाला तिसऱ्या खांबावर
पांढरी पट्टी, काळे आकडे.
सकाळी आठला मी वाचतो, वहीत लिहितो.
माझ्याआधी हे काम खाजामियाँकडे होतं.
ते सांगून गेले, शून्य म्हणजे नदीचा तळ,
त्याच्या खाली काही नसतं बेटा,
असल्याच तर तुमच्या साती आसरा.

आता पात्रात उभं राहिलं
की शून्य माझ्या छातीशी येतं,
सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीजवळ.
त्याच्याखाली खांबाचा उघडा पाय,
ओबडधोबड, गिलावा न केलेला.
तो कधी कुणाला दिसेल
असं बांधणाऱ्याला वाटलंच नसणार.

वाळू रात्रीची जाते.
लिलाव एका घाटाचा, हायवा सात घाटांवर.
वहीत याला रकाना नाही.
रकाने तीनच. तारीख, वेळ, पातळी.

धुरपताबाई भोईण इथं टरबुजं लावायची.
पाणी ओसरलं की वाळूत हातभर खड्डा,
मूठभर शेणखत, दोन बिया,
वरून तळहातानं थापटून म्हणायची,
'पी आता तुव्हं तू.'
आणि वेल प्यायचा. वाळूच्या पोटात पाणी असायचं.
आता तिथं काळी चोपण उघडी पडलीय,
वेडी बाभूळ सोडून काही धरत नाही.
तिचा नातू संदिपान हायवावर क्लीनर आहे.
ती त्याला काही म्हणत नाही.
डबा बांधून देते.

मग भाद्रपदातली ती रात्र.
अख्ख्या श्रावणात पडला नाही तेवढा
अडीच तासांत पडला.
पैठणला दारं उचलली,
खालच्या बंधाऱ्यानं पाणी माघारी ढकललं,
आणि दोन्हींच्या मध्ये आम्ही.
पट्टी बुडाली, आकडे संपले.
शाळेच्या भिंतीवर खडूनं
मी तासातासाला रेघ ओढत गेलो
खडू भिजेपर्यंत.
पायाखाली वाळू नसली की नदी काठ खाते.
दहाव्याचा घाट गेला, त्यावरची चिंच गेली,
चाळीस पावलं ती अलीकडे आली.
सकाळी कावळे तिथंच घिरट्या घालत होते,
घाट जिथं होता, त्या पाण्यावर.

नांदेडच्या ट्रेनिंगला शेजारी बसला होता
सत्तिबाबू, पार समुद्राकडचा,
आपली गंगा जिथं फाटे फुटून संपते तिथला.
मोडक्या हिंदीत म्हणाला,
आमच्या गावाची अर्धी नारळं समुद्रात उभी आहेत.
नदी गाळ आणायची, रेती आणायची,
समुद्र दारात थांबायचा.
आता ती रिकाम्या हातांनी येते,
तर तो आत येतो.
आणि मग जेवताना, सहज,
वरण वाढून घेत विचारलं,
'तुमच्याकडं कुठं अडते ती?'

मी लोणचं मागितलं.

आमच्या बाया दर वर्षी तिची ओटी भरतात.
खण, नारळ, पाच मुठी गहू.
ओटीचा नारळ बंधाऱ्याच्या दारापाशी
जलपर्णीत अडकून कुजतो.
आणि रात्री आम्हीच
तीच ओटी ब्रासनं उपसतो.
आम्हीच म्हणजे मीही.
तीन खोल्या, वर स्लॅब.
वाळू कुठली, हे मी विचारलं नव्हतं,
भाव विचारला होता.
उशापाशी गिलाव्यात एक शिंपलं आलंय
करंगळीच्या नखाएवढं.
लाइट गेली की अंगठा आपोआप तिथं जातो.

आज सकाळी आठ. पात्र कोरडं.
साहेब म्हणतात, शून्याच्या खालचं लिहू नका,
कॉम्प्युटर घेत नाही.
मी पातळीच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं.
मग शेजारी, पेन्सिलीनं,
खोडता येईल इतकं फिकं,
एक उणे चिन्ह, आणि त्याच्यापुढं
छातीपासून तळव्यापर्यंतचं
माझंच माप.