शेवटची ओळ

हालस्टाइन, निवृत्त होताना तू मला दिलंस काय?
एक कान तुटलेला मग,
आणि 'नोंद' नावाचा क्लास,
ज्याच्या पोटी स्वोल्वेर बंदरातलं सगळं जन्मतं:
बोट, खोकं, लिलाव, बर्फाचं बिल.

फेब्रुवारीत कॉड यायला लागला.
मला एवढंच हवं होतं,
की खोकं जतन होण्याआधी
वजनातून बर्फ वजा व्हावा.
'खोकं'मध्ये चार ओळींची मेथड लिहिली.
नाव सहज सुचलं, 'जतनाआधी'.
सहज सुचणारच.
ते तुझंच होतं.

काही मोडलं नाही.
चाचण्या हिरव्यागार, एक चूक नाही,
मी घरी जाऊन लोकरीचे मोजे काढले आणि झोपले.

तिसऱ्या दिवशी लिलावातून बोर्गहिल्डचा फोन:
चारशे बारा खोकी,
वजन आहे, नंबर नाही.
मासे कोणाचे, ते मासेच सांगतील का?

तेव्हा वर जाऊन तुझी मेथड वाचली.
नंबर तीच देत होती,
बोटीच्या कोट्यातून वजन तीच कापत होती,
अकरा वर्षं, न सांगता.
डेटाबेसनं 'जतनाआधी' अशी हाक मारली
आणि ओ दिली माझ्या पोरीनं.
तुझ्यापर्यंत हाक गेलीच नाही.

मग पहिल्या ओळीत लिहिलं: super.
नंबर आले.
पण कोटा बर्फासकट कापला गेला,
कोळी पाण्याचा दंड भरू लागले.
आणि ज्या खोक्यांत बर्फच नव्हता
ती जतनच होईनात!
माझी शेवटची ओळ विचारत होती, बर्फ शून्याहून जास्त आहे?
उत्तर: नाही.
आपल्या जुन्या फ्रेमवर्कनं ते 'नाही' मनावर घेतलं
आणि दार लावून घेतलं.

रात्री दीड वाजता
तो एक शब्द उचलून
खाली, अगदी तळाला ठेवला.
आधी माझी वजाबाकी, मग तू.
शेवटचा शब्द तुझा.

शनिवारी धक्क्यावर भेटलास,
होडीचं बूड खरवडत होतास.
मी काही बोलले नाही.
तूच विचारलंस, खोक्यामागे बर्फ किती धरतेस?
दोन किलो.
मार्चमध्ये दीड कर, म्हणालास,
आणि पुन्हा खरवडायला लागलास.