भरपूर उजेड

हिंमतभाऊ म्हणाले, इथं कुणी राहतं असं फोटोत दिसायला नको.
कुणी राहू शकेल, असं दिसायला हवं.
मी विचारलं, फरक काय दोन्हींत?
म्हणाले, दोन लाखांचा.

म्हणून पहाटेपासून काढतेय.
गॅस एजन्सीचं कॅलेंडर, ज्यावर दूध न आलेल्या दिवसांच्या फुल्या.
बाथरूममधली पिवळी बादली, गळत्या नळाखाली कायमची बसलेली
(नळाचं गळणं फोटोत येत नाही, तेवढं बरं).
ज्वारीची कोठी. बिबड्यांचा डबा.
कांचनच्या खो-खोचा कप, एक कान गेलेला.
यांच्या गोळ्या, टीव्हीपुढे असल्या
तरच आठवणाऱ्या.

कानबाई बसते त्या भिंतीवर हळदीचे हात.
पुसायला फडकं ओलं केलं, आणि वाळू दिलं.
हिंमतभाऊंनी गाडीतून प्लास्टिकची कुंडी आणली,
म्हणाले, ही लावा पुढं, सगळ्या घरांत हीच असते.

सामान सगळं शेजारी, बोरसेबाईंकडे.
मीही गेले, फोटोत नको म्हणून.
उभीच राहिले तर त्या म्हणाल्या,
बठ ना माय, तुनीच खुर्ची शे.

शेवटी राहिला कूलर.
खिडकीत एकोणीस उन्हाळे घट्ट बसलेला पत्र्याचा कूलर,
क्षारानं पांढरा पडलेला, आतल्या जाळीत चिमणीचं जुनं गवत.
दोन पोरांनी हिसडा दिला तेव्हा भिंतीचा पोपडाही
त्याच्यासोबत निघाला, माहेरचं माणूस निघावं तसा.

आणि ऊन आत आलं.
सरळ. न विचारता.
फरशीवरून चालत थेट ओट्यापर्यंत.
मला वाटायचं या फरशा करड्या आहेत.
हिरव्या निघाल्या. फिक्या हिरव्या, ठिपक्यांच्या.
मीच पसंत केल्या होत्या की, साक्री रोडच्या दुकानात,
यांच्याशी भांडून.

हे दारात उभे होते, काठीवर भार देऊन.
म्हणाले, एवढी मोठी खोली होती का ही?

फोटोवाला पोरगा पोटावर झोपून फोटो काढत होता.
म्हणाला, काकू, मस्त घर आहे, का विकताय?
कुणीच काही बोललं नाही.
हिंमतभाऊ जिन्याकडे बघत होते,
अठरा पायऱ्या, कठडा नाही.

दुपारी बारापर्यंत सगळं परत लागलं.
गोळ्या टीव्हीपुढे. बादली नळाखाली.
कूलर तेवढा राहू द्या म्हटलं, आजचा दिवस.
दोन वाजता भिंतीला हात लावला तर तव्यासारखी.
हे बनियन ओलं करून घालून बसले, बोलेनात.
तीन वाजता मीच पोरांना फोन केला.

खोली अंधारली. गार झाली.
वाळ्याचा वास सुटला, आणि यांना झोप लागली.

संध्याकाळी एका बाईंचा फोन, शिरपूरहून.
जाहिरात पाहिली म्हणाल्या, आवडलं.
ती खिडकी, तो उजेड,
रोज येतो ना तसाच?

हिंमतभाऊंनी बजावलंय, जास्त बोलायचं नाही.
मी म्हटलं, येतो.
मग राहवेना. म्हटलं, बाई,
फरशा हिरव्या आहेत बरं का.