अर्धायुष्य

पुस्तक म्हणतं, कॅफिनचं अर्धायुष्य पाच तास.
म्हणजे साडेअकराला प्यायलेला चहा
पहाटे साडेचारला
अजून अर्धा जागा असणार माझ्यात.
मग पावणेदोनलाच
ही एक ओळ चौथ्यांदा का वाचतेय मी?

खारदांड्यातल्या आमच्या खोलीत
दिवा एक, निजणारे चार.
म्हणून मी मोरीत.
पालथ्या बादलीवर पाट, पाटावर फार्माकॉलॉजी.
बल्बला चपलांच्या खोक्याची टोपी,
उजेड माझ्यापुरताच पडावा म्हणून.
नळाखाली पिंप. थेंब पडतो. थांबतो.
पुढच्या थेंबाची वाट बघता बघता
मी अख्खं यकृत विसरते.

झोपेला आता मी ओळखते.
ती दारातून येत नाही, अक्षरांतून येते.
कॉलेजात सगळं इंग्रजी,
रात्री मी ते मराठीत उतरवते, माझ्या वहीत,
आणि तिथेच ती दबा धरून बसलेली.
आधी काने सैल होतात,
वेलांट्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकतात,
मग 'मात्रा' म्हणजे
औषधाची की अक्षराची, तेच कळेनासं होतं.

उपाय सगळे करून झाले.
डोळ्यांवर पाणी. दंडाला चिमटा.
एका व्याख्येला एक भाजका चणा;
चणे संपले, व्याख्या उरल्या.
प्रणोती म्हणाली, वेणी खिळ्याला बांध.
माझे केस खांद्यापर्यंत, आणि खिळ्यावर बाबांचा रेनकोट.
म्हणाली, दर पंधरा मिनिटांनी गजर लाव.
लावला.
झोपेत गजर बंद करायला
माझा उजवा हात आता चांगला तरबेज झालाय.

अडीचला आई उठते.
तिला गजर लागत नाही.
नाक्यावर टेम्पो सव्वातीनला, मग ससून डॉक, मग लिलाव,
हे तिच्या मणक्यांत कुठंतरी लिहून ठेवलेलं.
मोरीचं दार ढकलते. "अजून जागीच?"
मला वाटतं, आता ओरडेल.
पण आधी ती माझ्या पेल्यातला उरलेला गार चहा
एका घोटात संपवते,
आणि मग म्हणते, "ऊठ.
बसून झोपेशी भांडू नये गो.
तिला उभ्यानं उत्तर द्यायचं."

तेवढ्याशा जागेत आम्ही दोघी,
माझ्या कोपराला तिची पाठ.
"सांग, काय वाचलंस?"
मी सांगते, गोळी गिळली की औषध
सरळ रक्तात जात नाही,
आधी यकृताकडे जातं,
ते त्याचा मोठा वाटा कापून घेतं, उरेल ते शरीराला.
चूळ भरता भरता ती थांबते.
"म्हणजे दलाल," म्हणते.
"टोपलीला आधी त्याचा हात. मग आपलं."

चारदा वाचलेली ओळ
मोरीच्या लादीवरून पाण्यासारखी सरळ वाहून जाते
जिथे जायची तिथे.
मी वहीत लिहिते: यकृत, दलाल.

"तू कशी जागी राहतेस?"
लुगड्याचा काष्टा घट्ट करत ती सांगते,
"टेम्पोत सातजणी.
एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी हुं म्हणायचं.
जिचं हुं थांबलं,
तिच्या पाठीत बर्फाचा खडा.
चांगुणा तर रोज खाते," आणि हसते,
तोंडावर हात दाबून, निजलेल्यांसाठी.

मग तिच्या टोपलीचा आवाज बोळातून लांब गेला.

मी उभी आहे. मोठ्यानं नाही, पण ओठ हलवून वाचतेय.
एक वाक्य. पिंपात थेंब: हुं.
दुसरं वाक्य. हुं.
तिसरं.
मग बराच वेळ काहीच नाही.
नळाचं पाणी गेलं असेल,
किंवा मीच...

दचकून मी पाठीला हात लावून बघते,
ओली आहे का.